मुद्दा चार, अनावश्यक

२ डिसेंबर २०२५

मंडळाची कार्यकारिणी झाली. चहा पाणचट, पोह्यांत शहपुऱ्याचे मटार होते म्हणून पोहे बरे. संक्रांतीच्या स्नेहमिलनात यंदा काय ठेवायचं यावर सव्वा तास खल. दरवर्षी हळदीकुंकू, तिळगूळ, लहान मुलांची नाट्यछटा आणि भय्यासाहेबांचं भाषण असतं. यंदा मंडळाला पन्नास वर्षं होऊन राहिली, म्हणून काहीतरी आगळं पाहिजे. भय्यासाहेब आमचे अध्यक्ष. त्यांनी डोळे मिटले आणि समाजातल्या वंचित घटकाला व्यासपीठ द्यावं असं सुचवलं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

वंचित घटक म्हणजे आमची प्रणोती.

मुलगी बत्तीस वर्षांची आहे, पुण्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहते, जन्मापासून पाय चालत नाहीत म्हणून व्हीलचेअर वापरते आणि मोटार स्वतः चालवते. सहा वर्षांपूर्वी बँकेतली ऑफिसरची नोकरी सोडून लोकांना हसवायचे कार्यक्रम करायला लागली. तीन माणसांची कंपनी आहे, कार्यक्रमाचं नाव 'बसून बोलते'. नागपूरला झाला, इंदूरला झाला, आमच्या जबलपूरला कधी नाही. इथे तिला कोणी बोलावलं नाही आणि मंडळाचा सचिव असून मी सुचवलं नाही. नोकरी सोडताना आमची बोलाचाली झाली होती. त्यानंतर ती घरी दोनदा आली, तेही आईसाठी.

आमच्या महिला विभागाच्या प्रमुख शकुताई. त्यांनी रास्त शंका काढली की अशा लोकांच्या कार्यक्रमात हसलं तर बरं दिसेल का. अर्धा तास त्यावर गेला. शेवटी ठराव झाला की टाळ्या भरपूर वाजवाव्यात, हसणं मात्र ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर करावं. ठराव मीच लिहिला. टेबलाच्या त्या टोकाला बसणारे लोक फार पुटपुटतात, त्यामुळे अनुमोदकाचं नाव लिहायचं राहिलं.

७ डिसेंबर, रविवार

दर रविवारी संध्याकाळी प्रणोतीचा फोन येतो. उचलते तिची आई, माधवी. आज मंडळाचं निमंत्रण द्यायचं म्हणून मी घेतला. एक तर मुलीचा फोन खराब असावा, नाहीतर पुण्याचं नेटवर्क. आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. मी निमंत्रण वाचून दाखवलं, थंडी आहे, स्वेटर घालत जा म्हटलं आणि फोन माधवीकडे दिला. आमचं बापलेकीचं बोलणं एवढंच. ती येते म्हणाली, असं माधवीने सांगितलं आणि जरा वेळ डोळे पुसत बसली.

मलाही फार बरं वाटलं, ते इथे लिहायला हरकत नाही. पोरगी तीन दिवस घरी राहील. सहा वर्षांत आम्ही एकमेकांशी मनातलं एक वाक्य बोललो नाही. कार्यक्रम नीट झाला तर ती परत येईल, विचका झाला तर येणार नाही, हे मला स्वच्छ दिसतं. मग बातम्या लावल्या. हल्लीचे बातम्या देणारे तोंडात सुपारी ठेवून बोलतात, टीव्ही चाळीसवर ठेवावा लागतो.

११ डिसेंबर

प्रणोतीकडून सात मुद्द्यांची यादी आली. रंगमंचावर जायला उतार हवा, प्रमाण एकास बारा. स्वच्छतागृहाचं दार रुंद हवं. व्हीलचेअरवाल्या प्रेक्षकांना रांगांमध्येच जागा हवी, खांबामागे नाही. बोललेलं प्रत्येक वाक्य पडद्यावर मराठीत दिसलं पाहिजे, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. रंगमंचावर काय काय आहे ते अंध प्रेक्षकांना आधी शब्दांत सांगणार. कोणालाही उचलायचं नाही. आणि शाल-श्रीफळ नको.

मी चौतीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. कागदावर माप दिसलं की माझा त्या माणसाबद्दलचा आदर वाढतो. एकास बारा म्हणजे एकास बारा, 'छानसा उतार करा' असं मोघम नाही. आमचा रंगमंच अडीच फूट उंच, म्हणजे तीस फूट उतार. समोरून केला तर पहिल्या पाच रांगा जातील, म्हणून बाजूच्या व्हरांड्यातून वळवून आणायचा. रेखांकन करताना जेवायची आठवण राहिली नाही. पोरगी माझ्यावर गेली आहे.

शाल-श्रीफळ नको याने भय्यासाहेब दुखावले. सत्कार नाही तर कार्यक्रम कशाचा, असं त्यांचं म्हणणं. बाकी मुद्द्यांवर मी बरोबरची खूण केली. फक्त मुद्दा चार, तो पडदा, त्यावर लाल शाईने 'अनावश्यक' असा शेरा मारला. मंडळाचे दोनशे सभासद आहेत, बहिरा एक नाही. मराठी ऐकायला आलेल्या लोकांना मराठी वाचायला काहून लावायचं? यादी माधवीला दाखवली. ती शेऱ्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे, आणि आत गेली.

१९ डिसेंबर

माधवीने पुन्हा कानाच्या डॉक्टरचा विषय काढला. चिडलो.

मागच्या वर्षी तिच्या हट्टापायी गेलो होतो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर काहीतरी चढवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मशीनवर कॅलिब्रेशनचं स्टिकर नव्हतं. शेवटची तपासणी कधी झाली असं मी विचारलं तर तिथल्या बाईंना सांगता आलं नाही. असल्या यंत्राचा रिपोर्ट नोकरीत असतो तर मी परत पाठवला असता. दोन्ही कानांपुढे सत्तर टक्के वगैरे लिहिलं होतं. फॅक्टरीत अकरा वर्षं मी तोफगोळ्यांच्या चाचणीवर काढली, कापसाचे बोळे घालून. जायचे असते तर कान तेव्हाच गेले असते.

माधवीला त्याच दिवशी बजावलं होतं की हे कोणाजवळ बोलायचं नाही, प्रणोतीजवळ तर नाहीच. घरात एक व्हीलचेअर आहे तेवढं पुरे, असंही म्हणालो होतो. ते वाक्य मी बोलायला नको होतं. माधवीने शब्द पाळला आहे, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलताना ती समोर येऊन उभी राहते. हे आज लक्षात आलं.

२७ डिसेंबर

पोस्टर छापून आलं. 'बसून बोलते' हे नाव कार्यकारिणीला हळहळ वाटावी इतकं रुक्ष वाटलं, म्हणून बदलून 'दिव्यांग हास्य सुगंध' केलं. उगवता सूर्य आहे, दोन हात आहेत, एक कबूतर आहे. प्रणोतीचा फोटो गळ्यापर्यंत कापला, कारण खुर्ची दिसली की प्रसन्न वाटत नाही असं शकुताई म्हणाल्या. खाली ओळ: 'यांना प्रोत्साहन देण्यासाठी सहकुटुंब या.' भय्यासाहेबांचा फोटो कापलेला नाही.

माधवीने पोस्टर प्रणोतीला पाठवलं. उत्तरात अकरा हसरे चेहरे आले. आवडलं असावं.

४ जानेवारी २०२६

उतार तयार. तिलवाऱ्याच्या रस्त्यावरच्या लाकूडवाल्याकडून जाड प्लाय आणला, खाली सागवानी टेकू दिले, कडेला लोखंडी कठडा. पाटनहून आलेल्या तांदळाची दोन पोती हातगाडीवर ठेवून सात वेळा वर-खाली केली. मधोमध एक सूत झोल आला होता, जास्तीचा टेकू लावला. भय्यासाहेब म्हणाले की याचं फीत कापून उद्घाटन व्हायला पाहिजे. चलो, कापा.

माईकची चाचणीही झाली. माईकवाले आलोकजी आमच्याकडे वीस वर्षं येऊन राहिले. त्यांचा आवाज अलीकडे अजिबात फुटत नाही, हे मी त्यांना दरवर्षी सांगतो. ते म्हणतात, "सर, माइक तो बढ़िया चल रहा है." यंदाही सांगितलं. यंदाही तेच म्हणाले.

१० जानेवारी

दुपारी मंडळी आली. नागपूरपासून गाडी प्रणोतीनेच चालवली. बरोबर गौतम, नागपूरचा, त्याला दिसत नाही, कार्यक्रमात हाही बोलतो. आणि मैथिली, जी कार्यक्रमात बोलत नाही, बोललेलं टाइप करून पडदा सांभाळते. आमच्या स्वयंसेवकांनी गौतमचा एक-एक हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. असा आदर पुण्यात मिळत नसेल.

पडदा मात्र त्यांनी आणलाच. हॉलमध्ये लावला तर भय्यासाहेबांचा शुभेच्छा-बॅनर निम्मा झाकला. मुद्दा चार रद्द झाल्याचं मी मैथिलीला समजावून सांगत होतो. तेवढ्यात माधवी मधे आली आणि अख्ख्या कार्यकारिणीदेखत म्हणाली, "पडदा राहील." पस्तीस वर्षांत ती मंडळात एवढं मोठ्याने बोलली नव्हती. मी माघार घेतली.

घरी जेवायला सगळे होते. हसणं-खिदळणं चाललं होतं, मीही हसलो. सगळे हसतात तेव्हा हसून घ्यावं, त्याला वेगळं कारण लागत नाही. जेवताना प्रणोतीने मान खाली घालून मला काहीतरी विचारलं. मी हो हो म्हटलं. तिचा चेहरा उतरला. एवढा प्रवास झाला, शीण आला असेल.

१२ जानेवारी

कार्यक्रम काल झाला. काल लिहवलं नाही. क्रमाने लिहितो, नाहीतर हातातून सुटेल.

तीनला हॉलवर गेलो तर उतारावर रांगोळी. तळापासून वरपर्यंत तीस फूट. मोर, कमळं, दोन्ही कडांना पणत्या, मधे 'सुस्वागतम्'. शकुताई आणि सात बायका सकाळपासून कंबर मोडून काढत होत्या. मी म्हटलं, ही वर जायची वाट आहे. शकुताई म्हणाल्या, म्हणूनच तर काढली. पाहुण्यांबरोबर फोटो झाल्याशिवाय तिच्यावर कोणी पाय ठेवायचा नाही असं ठरलं. आपला तसाही विचार नाही, असं त्यावर प्रणोती म्हणाल्याचं माधवीने मला नंतर सांगितलं.

मग प्रमुख पाहुणे पायऱ्यांनी वर गेले. भय्यासाहेब पायऱ्यांनी वर गेले. कार्यकारिणी पायऱ्यांनी वर गेली. जिच्यासाठी मी उतार केला ती खाली पणत्यांपाशी थांबली. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, भय्यासाहेब सर्वसमावेशकतेवर अठ्ठावीस मिनिटं बोलले. फोटो काढणारे गृहस्थ तिळगूळ खायला गेले होते ते येईनात. माझं प्रास्ताविक होतं म्हणून मीही वर होतो. वरून तिच्याकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. तरी प्रास्ताविक पूर्ण केलं.

पन्नास मिनिटं झाली तेव्हा प्रणोतीने कोणाला न विचारता चाकांना हात घातला आणि वर आली. मोर गेला, कमळं गेली, तीन पणत्या विझल्या. शकुताईंनी डोळ्यांना पदर लावला. उतार तसूभर हलला नाही.

आम्ही खाली येऊन पहिल्या रांगेत बसलो. प्रणोती बोलायला लागली. आलोकजींचा माईक नेहमीसारखाच होता. निदान शुद्धलेखन तरी तपासावं म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर होतं: 'ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सांगते. रंगमंचावर दोन समया आहेत. मागे भय्यासाहेबांचा बॅनर आहे, त्यांच्या कपाळाखालचं काही दिसत नाही. मी निळ्या साडीत आहे. माझ्या मागे चाकांच्या दोन लाल-हिरव्या रेघा आहेत. रांगोळी माझ्यासाठी काढली होती असं कळलं, म्हणून घेऊन आले.' ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं.

गौतम आला. पडद्यावर: 'जबलपूरला उतरल्यापासून माझे दोन्ही हात मंडळाच्या ताब्यात आहेत. कालपासून मला चार वेळा बाथरूमला नेलं. मी काही म्हणालो नव्हतो. पण पाहुण्याने यजमानाचं मन मोडू नये, म्हणून चारही वेळा जाऊन आलो.' मी हसलो. कोणाकडे न पाहता हसलो. आधी विनोद कळला आणि मग हसू आलं. कितीतरी वर्षं माझं याच्या उलट चाललं होतं. आजूबाजूला पाहिलं तर हॉलमधली निम्मी पांढरी डोकी पडद्याकडे वळलेली. भय्यासाहेब ओठ हलवून वाचत होते. ठराव सगळेच विसरले होते, शकुताईसुद्धा.

मग पुन्हा प्रणोती. पडद्यावर एकेक ओळ येत गेली.

'माझे बाबा फॅक्टरीत इन्स्पेक्टर होते. वस्तूत दोष सापडला तर ती परत पाठवायचे. मुलीत सापडला तेव्हा परत पाठवायला पत्ता नव्हता.' हॉल हसला. मीही.

'मी नोकरी सोडली तेव्हा बाबा म्हणाले, लोक तुझ्यावर हसतील. मी म्हटलं, हसले म्हणजे माझं जमलं. तुम्ही फक्त एकदा समोर येऊन बसा. बाबा काही बोलले नाहीत.'

त्या दिवशी ती खिडकीकडे तोंड करून काहीतरी म्हणाली होती. मला वाटलं, उलटून बोलली. मी विचारलं नाही.

'दर रविवारी मी फोन करते. बाबा म्हणतात, थंडी आहे, स्वेटर घाल. मे महिन्यातही.' लोक खुर्चीत मावेनात.

'काल जेवताना शेवटी विचारून टाकलं. बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का? ते म्हणाले, हो हो.'

यावर लोक कमी हसले. मी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि उभा राहिलो. सचिव उभा राहिला म्हणजे आभारप्रदर्शन, असं समजून मागचे दोन-तीन जण तिळगुळाच्या टेबलाकडे निघाले.

"प्रणोती, मला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

आलोकजींना वाटलं, माझी नेहमीची तक्रार. त्यांनी आवाज वाढवला, माईक शिटी मारायला लागला. मी हात करून थांबवलं. म्हटलं, "आलोकजी, माइक ठीक है. माझे कान गेले आहेत. खूप वर्षं झाली. काल तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं नाही. फोनवर तू काय बोलतेस तेही येत नाही, म्हणून मी स्वेटर म्हणतो. लाज मला माझी वाटत होती, बेटा. तुझी नाही."

मैथिलीने हे सगळं पडद्यावर लिहिलं. माझे शब्द मी मोठ्या अक्षरांत वाचले. चूक एकही नव्हती. माधवी तोंडाला रुमाल लावून बसली होती. मागे कोणीतरी ठरावाप्रमाणे टाळ्या वाजवायला लागलं, शेजारच्याने त्याचा हात धरला.

 मग प्रणोती माईकमध्ये काहीतरी बोलली आणि सबंध हॉल हसला, पोट धरून, डोळे पुसत. मी पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा. मैथिलीचे हात थांबले होते, तिलाही डोळे पुसायचे होते.

रोजचा मी असतो तर हसून घेतलं असतं. काल हसलो नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, "काय म्हणालीस? परत सांग."

ती खाली आली. माझ्यासमोर खुर्ची थांबवली, तोंड वर केलं, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

"तुमच्या अबोल्यावर माझी वीस मिनिटं चालायची, बाबा. आता मी लोकांना काय सांगू?"

तोवर सगळ्यांचं हसून झालं होतं. मग मी हसलो.